मिलोचं लाल पाणी

तुम्ही पाठवलेलं बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचं पाकीट परवा मिळालं. पाठीमागचा बारीक मजकूर मी भिंग घेऊन पूर्ण वाचला. या दाण्यात फिनॉलच्या कुळातली द्रव्यं भरपूर आहेत, ती अँटिऑक्सिडंट आहेत, म्हणजे पेशींची झीज रोखतात, असं लिहिलं आहे. पिठाची धिरडी केली. पहिल्या घासाला जिभेवर जो तुरटपणा आला, तो माझ्या ओळखीचा होता. बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात आम्ही तो महिनोन्महिने खाल्ला आहे.

तेव्हा मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. तुमचे आजोबा नोकरीसाठी कुर्डुवाडीला. घरात सासूबाई, मी आणि चार वर्षांचे तुमचे बाबा. बाजारात ज्वारी दिसेनाशी झाली होती. रेशनवर मिलो मिळे, म्हणजे अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी विटकरी रंगाची होई, थापताना कडेला चिरा पडत आणि गार झाली की चावेना. पांढऱ्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती पाहूनच नको वाटे. मग बोलणी सुरू झाली. तिकडं हे डुकरांना घालतात, रंग आहे तो औषधाचा आहे, गर्भार बाईनं खाल्लं तर मूल टिकत नाही.

शेजारच्या खोलीत एका यंत्रमाग कामगाराची बायको राहत होती. नातेपुत्याकडची, एकोणीस-वीस वर्षांची. तिला सातवा महिना होता आणि आधीचं एक मूल गेलेलं होतं. तिनं मिलो खाणं सोडलं. घरात दुसरं धान्य नव्हतं. कोरा चहा आणि कुणी दिलाच तर मूठभर भात, एवढ्यावर ती राहू लागली. नवऱ्यानं समजावलं, मीही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. पन लाल हाय की त्ये. धुतलं तर पानीबी लाल हुतंय."

त्यावरूनच मला सुचलं. तो लाल रंग आणि ती तुरट चव एकाच जातीच्या द्रव्यांची, टॅनिनसारख्या. तीही फिनॉलच्याच कुळातली. पाखरं आणि बुरशी यांच्यापासून दाणा राखण्यासाठी रोप ती सालीत साठवतं. चहात आणि सुपारीतही त्याच कुळातली द्रव्यं असतात. फेरिक क्लोराइड या लोखंडाच्या क्षाराचे थेंब टाकले की मिलो, चहा, सुपारी या तिन्हींचं पाणी काळं पडतं. जे रोज आवडीनं पोटात जातं तेच भाकरीत आहे, हे डोळ्यांनी पाहिलं की पटेल, असं मला वाटलं. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून मी प्रयोगशाळेतून त्या क्षाराची एक लहान बाटली घरी आणली.

रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर सहा-सात जणी जमल्या. तीही आली. मी काचेचे तीन पेले ओळीनं मांडले. पहिल्यात मिलोचं पाणी, दुसऱ्यात चहाचं, तिसऱ्यात सुपारीचं. वर्गात आम्ही ज्याची परीक्षा करायची तो पदार्थ आधी घेत असू आणि ओळखीचे पदार्थ ताडून पाहायला मागाहून. त्याच क्रमानं मी पहिल्या पेल्यात थेंब सोडले. लालसर पाणी बघता बघता हिरवट काळं झालं, दौतीतल्या शाईसारखं.

ती उठली. एक हात पोटावर, एक भिंतीला. मी थांब म्हणत होते, अजून दोन पेले आहेत म्हणत होते, पण ती खोलीत गेली आणि आतून कडी लागली. बाकीच्याही एकेक करून उठल्या. मी चहाचा पेला काळा केला तेव्हा समोर फक्त सासूबाई होत्या.

त्या दोन्ही पेल्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी चहा का नाही दाखवलास?"

मी सुपारीचा पेला तसाच मोरीत ओतून दिला.

त्या आठवड्यात ती नळावर चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी आपलं काम सुरू केलं. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. कुणाकडून तरी उखळ मागून आणलं, मिलोला पाण्याचा हात लावून ती कांडली आणि लाल कोंडा पाखडून टाकला. त्या दाण्यांची भाकरी फिकी, गुलाबीसर झाली. ती घेऊन त्या रोज तिच्या उंबऱ्याशी बसत, निम्मी स्वतः खात आणि निम्मी ताटलीत ठेवून येत. समजावणं काही नाही. पाच दिवस ताटली तशीच परत आली.

सहाव्या दिवशी तिनं विचारलं, "आजी, तुमाला काय हुईना व्हय?"

"होतंय की. दात दुखतात," सासूबाई म्हणाल्या.

ती हसली. त्या दिवशी ताटली रिकामी परत आली.

मुलगी दिवस भरून झाली, पण फार हलकी. वर्षभर सारखी आजारी असायची. जगली मात्र. आईनं मिलो सोडल्यानं ती तशी झाली का, आणि त्यात माझ्या पेल्यानंतरच्या उपाशी दिवसांचा वाटा किती, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पाकिटावर ज्यांची एवढी स्तुती आहे ती द्रव्यं त्या लाल कोंड्यातच सर्वांत जास्त होती. सासूबाईंनी तो फेकून दिला, आणि मला अजूनही वाटतं, बरोबर केलं.

पुढे शाळेत हा प्रयोग दाखवताना मी पहिला थेंब चहात टाकत असे. क्रम बदलला म्हणून एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा दिला. मी तो वाचला, खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा चहाचाच पेला आधी ठेवला.