गुलमोहराभोवतीच्या काट्या

मंडळी, आज वृक्षारोपणाचा फोटो टाकणार होतो. टाकायची लाज वाटून राह्यली.

सकाळी कुंभार पिंपळगावच्या शेतात गुलमोहराचं रोप लावलं. शेळ्या खातील म्हणून भोवती काट्या पाहिजे होत्या. बांधावर हिंगणबेटाचं काटेरी झाड होतं, आमच्या शिवारातलं शेवटचं. त्याच्याच फळांवर पाखरं जगायची. मी ते बुडापासून तोडलं.

"बराबर झालं, आता एक शेळी फिरकणार न्हाई," चुलतभाऊ म्हणला.

काट्या रचताना फांदीतून बुलबुलाचं घरटं पडलं. पिलं मेली.

दुपारी बुलबुल चोचीत अळी घेऊन आला आन् त्याच काट्यांवर बसून राह्यला. मधी वीतभर गुलमोहर.

तुम्हीच सांगा, त्यानं ती अळी आता कुणाला भरवायची?