हिर्डोशीचं इंजिन आणि माझी पारख

हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर नाकातून येईल. मी, वेल्ह्याच्या शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवणारा माणूस, एका जुन्या मोटारीसाठी जुनं इंजिन पारखायला गेलो होतो. एकटा! आणि नुसतं पारखून थांबलो नाही, उचलून घेऊन आलो!

मोटार माझी नव्हे. भोरला माझे सासरे राहतात, अण्णा. कोर्टातून निवृत्त झालेले. त्यांची पद्मिनी आहे, पिस्ता रंगाची. सुनंदा, म्हणजे माझी बायको, त्याच गाडीवर गाडी शिकली. या उन्हाळ्यात पद्मिनीच्या इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आणि गाडी अंगणात बसली ती बसलीच.

सुनंदाला जाऊन दोन वर्षं झाली. त्यावर इथं बोलत नाही. पण एवढं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. अण्णांनी मला पंचवीस वर्षांत कधी 'अहो जावईबापू'शिवाय हाक मारली नाही. ती गेल्यावरही मी दर रविवारी नसरापूरच्या माझ्या घरून भोरला जातो. "या, बसा." "चहा घेणार?" "शाळा काय म्हणते?" सात मिनिटांत सगळं बोलून होतं. मग आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो. जिच्यामुळे मी जावई, तीच नाही. मग आता मी या घरात कोण? हे अण्णांनी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यामुळे एका रविवारी अण्णा म्हणाले, "जावईबापू, एक काम कराल का?" तेव्हा काम ऐकण्याआधीच मी हो म्हणून बसलो. आता सांगा, एवढी घाई करावी का माणसानं?

काम असं होतं. हिर्डोशी हे अण्णांचं मूळ गाव. तिथला बबन मुंबईत टॅक्सी चालवायचा. गावी परतताना टॅक्सी घेऊनच आला. पुढे पत्रा सडला, पण इंजिन त्यानं जपून ठेवलं. तेही पद्मिनीचंच. पुण्याचं एक गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी बघायला येणार होतं. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना हलता येईना.

"तुम्ही बघून या. पसंत पडलं तर लगेच टेम्पोत घाला," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मला यादी सांगितली. मी ती लग्नपत्रिकेच्या मागे सुवाच्य अक्षरात लिहून घेतली. आधी सुरू करायला लावा. धूर निळा असेल तर ऑइल खातंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कार्ब्युरेटर साफ करावा लागेल. वर नाणं उभं करून बघा, पडलं नाही तर इंजिन ठणठणीत.

भोरच्या रफिकचा टेम्पो ठरवला. हिर्डोशीला पोचलो तेव्हा बबन कामासाठी महाडला गेलेला. खळ्यावर त्याची आई कोंडाआजी आणि धाकटा भाऊ लक्ष्मण होते. भाताची मळणी चालू होती. आणि काय सांगू, इंजिन आधीच सुरू करून ठेवलेलं! धडधडधड! म्हटलं, काय तत्पर माणसं आहेत! इंजिनाला एक पट्टा होता आणि पट्ट्याला मळणी यंत्र. मला वाटलं, ओझं घालून दाखवतायत. खातरजमा म्हणून.

"आलं, आलं, अण्णांचं जावई आलं!" लक्ष्मण म्हणाला. "बबनदादानं सांगितलंय, इंजिन बगायला येत्याल म्हून."

"हेच ना?" मी विचारलं.

"व्हय की, ह्येच इंजिन आमचं."

संपलं! मी चष्मा पुसला, पत्रिका काढली. इंजिनाशेजारी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी अवजड धूड पडलं होतं, त्याची सावली पडत होती.

"हे भंगार जरा बाजूला घ्या हो," मी म्हणालो, "इंजिनावर उजेड येत नाही."

लक्ष्मण काहीतरी बोलणार होता, पण आजीनं डोळे वटारले. जावयाच्या शब्दाला आडवं जायचं नसतं! दोघा गड्यांनी कुंथत कुंथत ते धूड चिंचेखाली नेलं.

मग मी पारख सुरू केली. धूर? काळाकुट्ट. मी यादीत पाहून गंभीरपणे म्हणालो, "पेट्रोल जास्त जातंय. कार्ब्युरेटर साफ करायला हवा."

"व्हय जी," लक्ष्मण म्हणाला. काय आज्ञाधारक मुलगा!

मग पाच रुपयांचं नाणं इंजिनावर उभं केलं. ते बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि भाताच्या राशीत गडप झालं. आजी बिचारी राशीत हात घालून शोधत बसली. मी मनात म्हटलं, थोडी थरथर आहे. वयच झालंय त्याचं. आपल्यालाही आहेच की!

अण्णांना फोटो पाठवावा तर त्या खोऱ्यात रेंज नाही. मग मीच निर्णय घेतला. आयुष्यात पहिल्यांदा यंत्राच्या बाबतीत निर्णय घेत होतो, त्यामुळे आवाज जरा चढला. "पसंत आहे. पंधरा हजार देतो, आणि आत्ताच नेतो."

खळ्यावर सगळं थांबलं. लक्ष्मण आईकडे बघायला लागला.

"आये, निम्मं भात ऱ्हायलंय की गं..."

"गप ऱ्हा," आजी म्हणाली. "जावयानं शबुद टाकलाय. न्हाई म्हनायचं नसतंय."

मला वाटलं, यांना मोटारीच्या इंजिनाचा लळा लागलाय. लागतो माणसाला! आजीनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली. पैशाला हात लावेना. "सुनंदाच्या मालकाकडनं पैसं घिऊ व्हय?" म्हणाली आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. मी पैसे गुपचूप देवळीत ठेवले.

चौघांनी इंजिन टेम्पोत चढवलं. रफिक डोकं खाजवत म्हणाला, "सर, ह्येच न्यायचं हाय का नक्की?"

"रफिक," मी म्हणालो, "तुम्ही गाडी चालवायचं बघा. इंजिनाचं मी बघतो."

भोरला पोचलो. अण्णा अंगणात खुर्चीवर, पाय स्टुलावर. मी टेम्पोवरची ताडपत्री जादूगारासारखी ओढली. अण्णा बघत राहिले.

"जावईबापू, हे काय आहे?"

"इंजिन!"

"कशाचं?"

"पद्मिनीचं."

"हे डिझेलचं इंजिन आहे," अण्णा हळूहळू म्हणाले, जसं लहान मुलाला सांगावं. "एका सिलिंडरचं. यावर मळणी करतात. हे गाडीत बसवलं तर गाडी भात झोडेल."

"पण मी कार्ब्युरेटर साफ करा म्हटलं, तर ते हो म्हणाले..."

"डिझेलला कार्ब्युरेटर नसतो!"

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. महाडहून परतलेला बबन, रेंजसाठी टेकडीवर चढून बोलत होता. आवाज अंगणभर ऐकू येत होता. "अण्णा, जावयांस्नी इचारा, आमचं इंजिन कवा परत येतंय? निम्मं भात खळ्यावर पडलंय आन् हितं आभाळ आलंय! आन् टॅक्सीचं इंजिन त्यांनी चिंचेखाली का टाकाय लावलं?"

चिंचेखाली! ते भंगार!

अण्णा उठले. ऑपरेशनच्या पायावर, काठी न घेता, ताडकन उठले.

"अरे गाढवा! लोकांची चालती मळणी बंद पाडून त्यांचं इंजिन उचलून आणलंस? तिथं विचारायला तोंड नव्हतं तुला? शिकलास कशाला? भात भिजलं म्हणजे? आत्ताच्या आत्ता परत नेऊन दे, पट्टा चढवून दे, आणि मळणी होईपर्यंत तिथंच थांब! उभा काय राहिलास? आधी दोन घास खा आणि नीघ!"

मी स्वयंपाकघरात उभ्यानंच पोळी खाल्ली. अण्णा बाहेरून बोलतच होते. सात मिनिटं कधीच उलटून गेली होती. घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

टेम्पो सुरू करताना रफिक दबक्या आवाजात म्हणाला, "सर, मनाला लावून घिऊ नका. कितीबी झालं तरी जावयाला गाढव म्हनायला नको हुतं."

"जावयाला नाही म्हणाले," मी आनंदानं म्हणालो. "मला म्हणाले."

रफिकनं माझ्याकडे एकदा नीट निरखून पाहिलं. अण्णांचं म्हणणं त्यालाही पटलेलं दिसलं.