बोर्डावरचा पांढरा थर
आज मी जो काही आहे, तो दौंडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या आमच्या मॅडममुळे. काल मुलीला लस देताना नर्सनं दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मला शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा आठवली. टाकी भरली की दिवा लागून मोटर बंद होईल, असं सर्किट मी घरीच बनवलं होतं. सर्किटच्या बोर्डावर राहिलेला सोल्डरिंगचा चिकटा पुसायला वरवंडच्या मेडिकलमधून स्पिरिट आणलं, तेव्हा दुकानदार हसले होते, "पुसायला नेतुयस का प्यायला रं?" त्या स्पिरिटमध्ये पाणी बरंच होतं. चिकटा निघण्याऐवजी पांढरा थर होऊन बोर्डभर पसरला आणि परीक्षेच्या दिवशी त्या थरातून वीज झिरपून टाकी रिकामी असतानाच दिवा लागू लागला. आमच्या घरातला पहिला पदवीधर तिथंच अडकणार होता. मॅडमनी त्या थरावर बोट फिरवलं, कपाटातून शुद्ध अल्कोहोलची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "ब्रशनं नीट धू. वाळू दे." मी पुटपुटलो, "मॅडम, आता माझाच नंबर हाय." त्या बाहेरून आलेल्या परीक्षकांकडे वळल्या, "सर, आधी जेवून घेऊ या का? मला फार भूक लागलीय." ते दोघं परतले तेव्हा बोर्ड लख्ख कोरडा होता आणि दिवा टाकी भरल्यावरच लागला. निकालानंतर मी मॅडमना पत्र पाठवलं: "मी पास झालो. त्या दिवशी तुमचा चतुर्थीचा उपवास होता, हे मला शिपाईमामांनी सांगितलं."