न बघता दिलेला पास

काल कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यात आमच्या सायलीनं न बघताच उजव्या कोपऱ्यात पास दिला. बॉल बरोबर अनघाच्या हातात गेला. गेल्या वर्षीपर्यंत दोघी एकत्र खेळायच्या. यंदा समोरच्या कॉलेजनं फी माफ करून अनघाला पळवलंय.

"लक्ष कुठंय तुझं?" आमचे सर सायलीवर खेकसले.

माझं डोकंच फिरलं. दरवर्षी एकमेकांच्या पोरी फोडायच्या आणि वर म्हणायचं, संघ बांधतोय! अहो, मैत्रीण कुठं धावेल हे अंगात मुरायला वर्षं लागतात. ते कॉलेज बदललं म्हणून जातं का?

अनघानं तर बॉल हातात येताच सवयीनं सायलीलाच परत दिला.

समोरच्या बाकावरून तिचे नवे सर ओरडले, "लक्ष कुठंय तुझं?"