जिवंत माणसाचा शेवटचा भाग

दार उघडलं ते बाबांनीच. अंगात बनियन, हातात चहाचा कप. समोर शाळेतल्या बाई, कधीकाळी त्यांच्याकडेच गाडी शिकलेल्या, पांढरी फुलं घेऊन उभ्या. बाबांना बघून त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. फुलं हातातून खाली पडली.

"अहो, आत या ना," बाबा म्हणाले. "कोण गेलं?"

स्वयंपाकघराच्या दारात लेक उभी होती. कोण गेलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनेच मारलं होतं.

त्याचं असं झालं. लेक दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि पेशंट आत गेला की लिहायची. आपलं पुस्तक निघावं, हे वेड शाळेपासूनचं. पण प्रकाशकाने तोंडावर सांगितलं, "लिहिता छान. पण तुम्हाला ओळखतं कोण? आधी वाचक जमवा, मग या." झालं. बाईसाहेब फोनवर गोष्टीचे भाग लिहून लोकांना पाठवायला लागल्या. विषय शोधायला बाहेर जायची गरज नव्हती. बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवत. शेजारच्या सीटवर बसायचं, पाय स्वतःच्या जादा ब्रेकवर आणि तोंडाने गप्पा. गाडी भिंतीवर निघाली की म्हणायचे, "भिंत काही बाजूला होणार नाही हं, आपणच वळू." हे सगळं ती जसंच्या तसं लिहायची. लोक फिदा. पुढचा भाग कधी, म्हणून मागे लागायचे. तिने कुठे बाबांचं नाव घातलं नव्हतं, पण अर्ध्या गावाने बाबांच्याच शेजारी बसून क्लच दाबलेला. ओळखायला कितीसा वेळ लागणार? बाबांना मात्र यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

मग वाचक आटायला लागले. प्रकाशक फोन उचलेना. तेव्हा या शहाणीने काय करावं? बाबांना मारून टाकलं. झोपेत, शांतपणे, एका भागात. गोष्टच तर आहे, अशी मनाची समजूत घातली आणि दिलं पाठवून. एवढंच विसरली की आजवरचा शब्दन् शब्द तिने खरा लिहिला होता. मग हाच भाग लोक खोटा कशाला मानतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गाडीपाशी ताटकळून परत आले. शिकायला कुणी फिरकलंच नाही. "आज सगळ्यांना झालंय तरी काय?" म्हणत त्यांनी चहा ओतून घेतला आणि बेल वाजली.

बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी आपला फोन बाबांपुढे धरला. बाबा चष्मा लावून वाचू लागले. त्यात लेकीचा फोन वाजला. प्रकाशक. आवाज एवढा खणखणीत की खोलीभर ऐकू गेला. "काय शेवट केलाय तुम्ही! पुस्तक करू या. शेवट मात्र हाच हवा."

इतकी वर्षं ज्या शब्दांसाठी जीव टाकला, ते हेच. तिने फोन बंद केला. बाई "येते" म्हणून निघून गेल्या. आता घरात दोघंच.

"लोक रडलेत गं," बाबा म्हणाले. "खाली लिहिलंय. एकाला जेवण गेलं नाही."

"बाबा, ती गोष्ट आहे."

"ते कळलं मला. लिहिताना तू रडलीस का?"

हो म्हणायला काय जात होतं? शब्द जिभेवर आला होता. पण समोर बाबा बसले होते.

"नाही," ती म्हणाली. "किती जणांनी वाचलं, तेच बघत होते."

स्वतःच्या तोंडून तिने हे ऐकलं. आपण अशा आहोत?

बाबांनी चष्मा काढून ठेवला. त्यांना लागलं होतं, चांगलंच लागलं होतं.

"पुस्तक काढ," ते शेवटी म्हणाले. "मी आड येणार नाही. फक्त आधी हे मला वाचून दाखव. मोठ्याने."

ती वाचायला लागली. पहिल्या ओळी सुरळीत गेल्या. मग आलं, 'सकाळी मी हाक मारली, बाबा.'

"ओ," बाबा म्हणाले. सवयीने, तोंडातून निघून गेलं.

पुढचं वाक्य होतं, 'त्यांनी ओ दिली नाही.' ते काही तिच्याने वाचवेना.