डोळ्यांच्या कडेच्या वीस सुरकुत्या

रविवार, ३ जानेवारी २०१६. रक्कम पाचशे रुपये, रोख. जागा डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका कापडदुकानावरचा हॉल. हजर: शिकवणाऱ्या बाई एक, शिकणाऱ्या बायका अकरा, त्यांत माझी बायको, आणि पुरुष एक. तो मी.

मी तिथे का होतो ते आधी सांगतो, कारण पुढे लोकांनी त्याचे निरनिराळे अर्थ काढले. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या घालवणाऱ्या व्यायामांचा तो वर्ग होता, सहा रविवारांचा. एकट्या बाईची फी सातशे रुपये आणि जोडप्याची पाचशे. कागदावर तसंच छापलेलं होतं. मला वाटलं छपाईची चूक असेल, म्हणून मी फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, चूक नाही. नवरे येतच नाहीत, आणि नवरा आला तर बायको घरी व्यायाम चुकवत नाही. म्हणजे मी नुसता बसलो तरी दोनशे रुपये वाचत होते. मी बसलो.

वर्गाला जायचं कारण त्याआधीच्या डिसेंबरात तलासरीला घडलं. बायकोचं माहेर झरीचं. तिथल्या जमिनीच्या कागदांसाठी आम्ही दोघं बँकेत गेलो होतो. रांग मोठी होती. दारावरचा तरुण रखवालदार उठला, त्याने स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि मला म्हणाला, "दादा, आईंना बसवा इथे."

मी मागे वळून पाहिलं, कुणाची आई आली म्हणून. मागे कोणी नव्हतं. बायको तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होती, मी एक्कावन्न. ती मुकाट्याने त्या खुर्चीत बसली. बसायला नको होतं असं तीच नंतर म्हणाली, पण पाय दुखत होते.

घरी आल्यावर तिने कॅलेंडर काढलं. आमच्या मुलाचं लग्न उधव्याच्या एका मुलीशी जवळजवळ ठरलं होतं. मुलीचे वडील शाळामास्तर. फोटो झाले, पत्रिका झाल्या, मुलामुलीची भेट झाली. फक्त तिकडची मोठी माणसं आमचं घर बघायला यायची होती. तारीख ६ मार्च.

"त्या लोकांना मी मुलाची आजी वाटले तर?" बायको म्हणाली.

"नाही वाटणार."

"बँकेतल्याला काय वाटलं?"

"त्याला तू मुलाची आजी नाही वाटलीस. माझी आई वाटलीस."

"मग ते निराळं झालं का हो?" असं म्हणून ती आत गेली. मी विचार केला. निराळं झालं नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई वापीकडून सकाळच्या गाडीने यायच्या. मराठी चांगलं बोलायच्या, मध्येच गुजराती. बायकांना 'बेन' म्हणायच्या आणि मला 'भाई'. पहिल्या व्यायामाचं नाव घुबड. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं डोळ्यांच्या बाहेरच्या कडांवर ठेवून कातडी धरायची, कपाळाला आठी न घालता डोळे जमतील तेवढे मोठे करायचे आणि दहापर्यंत मोजायचं. दुसऱ्यात एक डोळा सावकाश मिटायचा, सावकाश उघडायचा, मग दुसरा. तिसऱ्यात तोंडाचा मोठा 'ओ' करून छताकडे बघायचं. प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून तीनदा. मी जागच्या जागी गुणाकार केला. दिवसाला नव्वद, सहा आठवड्यांत तीन हजार सातशे ऐंशी.

समोरच्या भिंतीवर लांबलचक आरसा होता. दुसऱ्या व्यायामात मी त्या आरशातून अकरा बायकांना एकदम डोळा मारत होतो आणि अकरा बायका मला. कुणी हसलं नाही. हसायला बंदी होती, कारण हसलं की कडा दुमडतात.

जोडप्यांना एक जादा काम होतं. दर रविवारी सकाळी एकाने दुसऱ्याच्या डोळ्यांशेजारच्या सुरकुत्या मोजून लिहून आणायच्या. जोडपं आम्ही एकच होतो. मी काडेपेटीतली काडी घेऊन बायकोला ओटीवर उजेडात बसवलं आणि एकेका रेघेवरून काडी फिरवत मोजायला लागलो. अडचण लगेच आली. काही रेघांना पुढे फाटे होते. मी आकडा रिकामा ठेवला आणि वर्गात विचारलं, "बाई, सुरकुतीला फाटा फुटला तर एक धरायची की दोन?"

"भाई, तमे शुं काम करो छो?"

"चिकूची वाडी आहे. चौऱ्याऐंशी झाडं."

"मग झाडाला फांदी फुटली तर झाडं किती?"

"एकच."

"बस तर."

या नियमाने डाव्या डोळ्याशी नऊ आणि उजव्या डोळ्याशी अकरा, एकूण वीस झाल्या. बायको म्हणाली, "सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलंत ते बरं केलंत. मागच्या बेनला ऐकू आलं नसेल तर पुन्हा वाचा."

वर्गातला सगळ्यात कडक नियम असा होता की सहा आठवडे डोळे बारीक करायचे नाहीत. उन्हात नाही, वाचताना नाही, कशासाठीच नाही. बाकीच्या बायकांना ते जमण्यासारखं होतं. आमच्याकडे वाडी होती.

चिकू झाडावर पिकत नाही आणि तयार झाला तरी रंग फारसा बदलत नाही. तयार फळाच्या सालीवरची भुकटी झडते आणि ते जरासं तुळतुळीत दिसतं, एवढाच फरक. काठीला जाळी लावून फळ उतरवणारी बाई आमच्याकडे पंधरा वर्षं येत होती. पण कुठलं फळ उतरवायचं ते खाली उभी राहून माझी बायको सांगायची. ती मान वर करायची, पानांतून येणाऱ्या उजेडात डोळे अगदी दोन रेघा होतील इतके मिटायची आणि म्हणायची, "तो घे. त्याच्या मागचा राहू दे." तेवीस वर्षं ती हे करत होती. मला ते कधी जमलं नाही. मला सगळे चिकू बटाट्यांसारखे दिसतात.

आता ती झाडाखाली दोन्ही हातांची बोटं कानशिलांजवळ दाबून, डोळे घुबडासारखे करून उभी राहायला लागली. उजेडाने डोळ्यांतून पाणी गळायचं.

"बाय, असे डोळे वटारल्यावर चिकू काय घाबरून खाली येतील?" उतरवणारी म्हणाली.

"तू तुझं काम कर. तो घे."

"कुठला? हात तर डोळ्यांला लावलेस. बोट दाखव."

"हनुवटीने दाखवते. तो."

असे तीन आठवडे गेले. मग व्यापाऱ्याकडून दोन क्रेट परत आले. पेंढ्यात आठ दिवस ठेवूनही त्यातला एक चिकू पिकला नव्हता. कापला तर पांढरा चीक आणि दगडासारखा गर. आमचा माल परत येण्याची ती पहिली वेळ. उतरवणारीने एक फळ हातात घेऊन दाबून बघितलं आणि मला म्हणाली, "दादा, बायला थोडे मिटू दे ना डोळे. मिटले तर काय होईल?"

"वर्गातल्या बाई नको म्हणाल्यात."

"मग त्या बाईलाच बोलव, चिकू बघायला."

क्रेटकडे बघत बायको फक्त म्हणाली, "सहा मार्चपर्यंत. मग बघते."

१४ फेब्रुवारीला, वर्ग संपल्यानंतरच्या रविवारी, मी शेवटची मोजणी केली. ओटी तीच, सकाळची वेळ तीच, काडी नवी. डाव्या बाजूला नऊ. उजव्या बाजूला बारा. मी तीनदा मोजलं. आधी जिला मी फाटा समजलो होतो ती आता मुळापासून स्वतंत्र दिसत होती.

"किती?" बायकोने डोळे मोठेच ठेवून विचारलं.

"एकवीस."

"एकवीस?"

"उजवीकडे एक वाढली."

"एवढं खरं बोलायलाच हवं होतं का? अठरा म्हणाला असतात तर काडी मोडली असती का तुमची?"

"अठरा नाहीत."

ती उठली नाही. तिने माझ्या हातातली काडी काढून घेतली. "आता तुम्ही बसा. मी मोजते." तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. काडी माझ्या भांगातून फिरवत म्हणाली, "यातले काळे किती आणि काळे केलेले किती, ते सांगा."

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, जी मी वर लिहिलेली नाही. मी कलप लावत होतो. केसांना आणि मिशीला, दर तीन आठवड्यांनी, अकरा वर्षं.

"मी शेहेचाळीसची आहे आणि उन्हात काम करणारी शेहेचाळीसची बाई जशी दिसते तशी दिसते," ती म्हणाली. "तुम्ही एक्कावन्नचे आहात आणि चाळीसचे दिसता. त्या रखवालदाराने मला एकटीला बघितलं नाही. तुमच्या शेजारी बघितलं."

मी हिशेब करून पाहिला. मला कुठेही चूक सापडली नाही. रखवालदाराने आमच्यात जेवढी वर्षं धरली असतील, त्यातली निदान अकरा माझ्याकडून गेली होती. तीन हजार सातशे ऐंशी वेळा तोंड वेडंवाकडं करून ती भरून निघणार नव्हती.

त्या दिवसापासून मी कलप बंद केला. पण केस आपल्या गतीने वाढतात. मार्च लागला तेव्हा माझं डोकं वरून काळं आणि मुळाशी पांढरं होतं. मिशीची अवस्था त्याहून वाईट होती. नाकाखाली पांढरी पट्टी आणि तिच्या खाली काळी. ५ मार्चला, पाहुण्यांच्या आदल्या दिवशी, मी बाजारातल्या सलूनमध्ये गेलो. शनिवार होता. आमच्याकडे शनिवारी सहसा कोणी केस कापत नाही, पण मला दुसरा दिवस नव्हता.

"काळं आहे तेवढं सगळं काढ," मी म्हटलं. "मिशीही."

सलूनवाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग टीव्ही बंद केला. एक शब्द न बोलता त्याने सावकाश, जपून सगळं उतरवलं आणि मान पुसून दिली. मी पैसे काढले तर म्हणाला, "आज नको, काका. नंतर बघू." मी आग्रह केला तेव्हा त्याने हात जोडले. मला त्याचा अर्थ कळला नाही. घरी पोचेपर्यंत तीच रुखरुख लागून राहिली होती.

बायकोने दार उघडलं आणि भिंतीचा आधार घेतला. "अहो! कोण गेलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डोकं आणि मिशी एकदम उतरवतात ती घरात आई किंवा वडील गेल्यावर. मी तिला सगळं सांगितलं. ती खाली बसली.

"उद्या माणसं यायचीत. आणि तुम्ही हे असे."

"टोपी घालतो."

"आणि मिशीला काय घालाल?"

पाहुणे दहा वाजता आले: मुलीचे आईवडील आणि एक काका. मी टोपी घालून दारात होतो, पण नमस्कार करताना ती पुढे घसरली. मास्तर थबकले. मागे वळून हळू आवाजात काही बोलले. मुलीच्या आईने हातातला पेढ्यांचा पुडा परत पिशवीत ठेवला. तिघं ओटीच्या कडेला बसली. मुलाने पाण्याचा ट्रे आणला. कुणी पेल्याला हात लावला नाही. सुतकाच्या घरचं पाणी कोण घेणार?

"कळवलं असतं तर आज आलो नसतो," मास्तर म्हणाले. "आई की वडील?"

"दोघंही नाहीत आता."

"दोघंही! आई कधी गेल्या?"

"दोन हजार बारा साली. एप्रिलात."

मास्तरांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "म्हणजे चार वर्षं."

"पुढच्या महिन्यात पुरी होतील."

मुलीचे काका हळूच चप्पल शोधू लागले. मला दिसत होतं की लग्न मोडत चाललंय, आणि जे खरं ते सांगायला सुरुवात कुठून करावी तेवढंच सुचत नव्हतं. तेवढ्यात आतल्या दारातून बायको बाहेर आली.

"कुणी गेलं नाही हो!" ती म्हणाली. "कलप गेला यांचा. अकरा वर्षांचा होता."

एवढं म्हणून ती स्वतःच हसायला लागली. दोन महिन्यांनी हसत होती. डोळे पार मिटले, कडा दुमडल्या, सगळ्या एकवीस रेघा फाट्यांसकट उमटल्या आणि तिला ते आवरता येईना. मुलीची आई क्षणभर बघत राहिली, मग तीही हसायला लागली, आणि उठून बायकोजवळ गेली.

"तुम्ही मुलाच्या आई. सांगायला नकोच," ती म्हणाली. "तुमचा मुलगा फोटोत हसतोय ना, अगदी असाच. डोळे दिसतच नाहीत. आमची मुलगी म्हणाली, याच्या घरी कुणीतरी असं हसणारं असणार."

मुलगा ट्रे घेऊन तिथेच उभा होता आणि त्याचे डोळे खरंच दिसत नव्हते. तो पंचवीस वर्षांचा आहे आणि त्याच्या प्रत्येक डोळ्याशी आत्ताच तीन रेघा आहेत. मी बसल्या जागेवरून मोजल्या. मास्तरांनी पेला उचलला आणि पाणी प्यायले. पेढ्यांचा पुडा पिशवीतून पुन्हा बाहेर आला. जाताना लग्नाचा महिना ठरला.

सोमवारी, ७ मार्चला, मी सलूनमध्ये गेलो. त्याने मला बघून पुन्हा हात जोडले. मी त्याला सांगितलं की घरात सगळे खुशाल आहेत. त्याला ते पटायला वेळ लागला.

"मग काका, शनिवारी मी दाढीची दोन गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर परत पाठवली. तुम्हाला जरा शांतता मिळावी म्हणून."

"त्यांचे किती?"

"ते राहू दे हो. तुमचे द्या."

केसांचे पन्नास, दाढी-मिशीचे तीस. एकूण ऐंशी रुपये, रोख, सलूनवाल्याला दिले.