भाजी उतरेपर्यंत

भय्यासाहेब टिल्लूंना कोणी स्वयंपाकी म्हटलेलं आवडत नसे, आणि ते बरोबरच होतं. बत्तीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी केली. घरी ते चहासुद्धा करत नसत. बायको होती तोवर तिनं केला, ती गेल्यावर समोरच्या हॉटेलातून येऊ लागला. वर्षातून एकच दिवस ते चुलीपुढे उभे राहत, कार्तिकातल्या आवळी नवमीला, आणि त्या दिवशी उज्जैनमधली दीडशे मराठी माणसं त्यांच्या हातचं जेवत.

आमचं आवळीभोजन भैरवगढच्या पुढे, नदीकाठच्या एका बागेत होतं. घरटी एक भाजी आणायची, एवढाच नियम. कोणी सुरण आणतं, कोणी लाल भोपळा, कोणी वालाच्या शेंगा, एखादा आळशी नुसताच मुळा घेऊन येतो. सगळं एकाच पातेल्यात जातं, डाळीबरोबर शिजतं आणि शेवटी त्यात झाडाखाली वेचलेले आवळे पडतात. तिला आम्ही ‘सगळ्यांची भाजी’ म्हणतो. शेजारी कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर, बाफले भाजले जातात, कणकेचे उकडलेले गोळे. बाफले काय, माळव्यात कोणीही करतं. ही भाजी मात्र फक्त आमची.

नैवेद्य दाखवायच्या आधी ती चाखायची नाही. मीठ बेताचं पडलंय की नाही, हे भय्यासाहेब उकळीकडे बघून सांगत आणि कधी चुकत नसत. ही विद्या त्यांच्या थोरल्या भावाची. दत्तात्रय अण्णा नोकरीसाठी बऱ्हाणपूरला गेले तेव्हा जाताना पळी धाकट्याच्या हातात देऊन गेले. पुढे तिकडेच राहिले. पण दर वर्षी नवमीच्या दुसऱ्या दिवशी भय्यासाहेब भाजीचा डबा घेऊन सकाळच्या गाडीनं निघायचे. अण्णा एक घास खायचे आणि काय चुकलं ते सांगायचे. दोन म्हाताऱ्यांचा हा खेळ बावीस वर्षं चालला होता.

मी सुनंदा गर्गे. शाळेत शिकवत होते, आता इथल्या मराठी मंडळाची चिटणीस आहे, आवळीभोजन तेच भरवतं. फटकळ आहे, असं लोक म्हणतात, आणि मला त्याचा अभिमानच होता. जे असेल ते तोंडावर सांगते, असं मी स्वतःबद्दल चारचौघांत म्हणत असे. दोन वर्षांपूर्वीपासून म्हणत नाही.

त्या नवमीला भय्यासाहेब पहाटेच आले. नेहमीप्रमाणे घड्याळ आणि मोबाईल माझ्या पर्समध्ये टाकला, मग नदीवर आंघोळ केली आणि सोवळं नेसले. सोवळ्यात असताना ते या वस्तूंना हात लावत नसत, आणि दुसऱ्या कोणावर विश्वासही टाकत नसत. अण्णा महिनाभर आजारी होते. ‘फोन वाजला तर बघा हां सुनंदाताई,’ ते म्हणाले, ‘देवश्री म्हणाली आहे, काही असलं तरच करेन, उगीच नाही करणार.’ देवश्री म्हणजे अण्णांची मुलगी.

पावणेनऊला फोन वाजला. मी पातेल्यापासून लांब, विहिरीपाशी जाऊन उचलला.

‘बाबा गेले,’ देवश्री म्हणाली. ‘काकांना सांगा ना. ते आल्याशिवाय आम्ही नेणार नाही. पण पाचच्या पुढे थांबता येणार नाही, अंधार पडतो.’

मी म्हटलं, ‘सांगते.’

गाडीनं बऱ्हाणपूर सहा तास. नऊला निघाले असते तर तीनला पोहोचले असते. हा हिशेब मी त्याच क्षणी केला होता. नंतर सुचला असं म्हणायची सोय मला नाही.

पण भाऊ गेल्याचं कानावर पडलं की सुतक लागतं. सुतकातल्या माणसाच्या हातचा नैवेद्य चालत नाही. पातेल्यात डाळ पडली होती, निम्म्या भाज्या पडल्या होत्या. ते सगळं टाकून द्यावं लागलं असतं, आणि दहा वाजल्यापासून माणसं यायला लागणार होती. मी मुळे गुरुजींना बाजूला घेतलं. तेच पूजा सांगतात. त्यांनी जरा डोळे मिटले आणि म्हणाले, ‘सुतक ऐकल्यापासून. ऐकलं नाही, तोवर नाही.’ मग म्हणाले, ‘पुढचं तुम्ही बघा.’

शास्त्राचा आधार मिळाला, पण खरं कारण ते नव्हतं. आवळीभोजनाचं ते पन्नासावं वर्ष होतं. इंदूर-देवासहून मंडळी येणार होती. पातेलं पालथं घालून दीडशे जणांना उपाशी परत पाठवणारी चिटणीस मला व्हायचं नव्हतं. बस, एवढंच. मनाशी ठरवलं की अकराला भाजी उतरेल, सव्वाअकराला नैवेद्य, लगेच सांगायचं आणि गाडीत बसवायचं. पाच-सव्वापाचपर्यंत कसेबसे पोहोचतील, तेवढं ते थांबतील. देवश्रीचा पुन्हा फोन येईल म्हणून मी मोबाईल बंद करून ठेवला.

लाकडं ओली निघाली. दहा वाजले तरी वाल कच्चेच. भय्यासाहेब धुरात डोळे पुसत फुंकणी मारत होते, मधूनच मान वर करून विचारत होते, फोन आला का. पहिल्यांदा मी नुसती मान हलवली. दुसऱ्यांदा बाफल्यांकडे बघायचं नाटक केलं. तिसऱ्यांदा ते पळी हातात घेऊन अगदी समोर येऊन उभे राहिले.

‘अण्णांकडून काही नाही ना आलं?’

‘नाही,’ मी म्हटलं.

त्यांचा चेहरा इतका खुलला की काय सांगू. म्हणाले, मग बरं आहे, म्हणजे रात्र नीट गेली. नंतर ते गुणगुणायला लागले. बावीस वर्षांत मी त्यांना चुलीपुढे गुणगुणताना ऐकलं नव्हतं. अकरा वाजले तेव्हा मी गुरुजींकडे बघितलं. ते म्हणाले, आता एवढं थांबलात तर थोडं आणखी. मी थांबले. त्यांच्यावर ढकलत नाही. दोन पायांवर चालत जाऊन सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं.

भाजी उतरली साडेबाराला. नैवेद्य दाखवून होईपर्यंत एक वाजून गेला. पंगत बसली. भय्यासाहेबांनी सगळ्यात आधी त्यांचा तो जुना पितळी डबा भरला, वरून चार आवळे निवडून ठेवले, झाकण घट्ट लावलं. ‘यंदा अण्णाला बोलायला जागा नाही ठेवली,’ ते म्हणाले. डबा त्यांच्या हातात होता तेव्हाच मी सांगितलं. कधी गेले तेही सांगितलं, आणि मला कधी कळलं तेही.

ते ओरडले नाहीत. डबा हळूच जमिनीवर ठेवला आणि विचारलं, ‘आता वाजले किती?’

घड्याळ माझ्याच पर्समध्ये होतं. दीड वाजला होता.

मी त्यांच्याबरोबर गाडीत बसले. निदान तेवढी लाज होती. वाटेत मोबाईल सुरू करून त्यांनी देवश्रीला फोन केला. तिचं बोलणं मला मागच्या सीटवर ऐकू आलं. ‘तुम्ही अजून उज्जैनमध्येच आहात, काका? आम्ही तर सकाळपासून रस्त्याकडे बघून राहिलो.’ भय्यासाहेबांनी माझं नाव घेतलं नाही. निघायला उशीर झाला, एवढंच म्हणाले. साडेपाचला आम्ही घाटात ट्रकांच्या मागे अडकलो होतो. तेव्हा तिचा फोन आला, की आता नेतो. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि बऱ्हाणपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. तापीच्या काठावर पोहोचलो तेव्हा फक्त निखारे होते. थोरल्या भावाचा चेहरा त्यांना दिसला नाही तो नाहीच.

दिवस झाल्यावर ते परत आले. मी घरी गेले, हात जोडले, जे काही बोलायचं ठरवून गेले होते त्यातलं एकही वाक्य धड आलं नाही. त्यांनी हॉटेलातून माझ्यासाठी चहा मागवला. मग म्हणाले, ‘तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं, पता नाही. कदाचित म्हटलं असतं, ताई, माझ्या कानात बोळे आहेत असं समजा, मी काही ऐकलं नाही, भाजी उतरवून जातो. अण्णासुद्धा तेच म्हणाला असता. पण ते मी म्हणायचं होतं. तुम्ही नाही.’

चहाचा कप माझ्यापुढे सरकवून त्यांनी विचारलं, ‘भाजी कशी झाली होती? मी नाही खाल्ली.’

मीही खाल्ली नव्हती. पण लोकांनी बोटं चाटून खाल्ली होती, कितीतरी जण म्हणाले की अशी भाजी पूर्वी कधी झाली नाही. हे सांगावं की सांगू नये? आता खोटं बोलायची हिंमत उरली नव्हती. ‘फार चांगली झाली होती,’ मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चूक काढणारा माणूस उरला नव्हता.

गेल्या वर्षी ते बागेत आले नाहीत. फ्रीगंजमधला केटरर बोलावला, त्यानं गॅसच्या शेगडीवर भाजी केली आणि चमच्यानं चाखून मीठ घातलं. लोक जेवून घरी गेले. या वर्षीही केटररच होता, पण भय्यासाहेब आले. घरटी एक भाजी म्हणून सुरणाचा गड्डा घेऊन आले, ढिगात ठेवला, चारचौघांशी बोलले, मला ‘काय सुनंदाताई, गुडघे कसे आहेत’ असंही विचारलं. मनातल्या मनात मी देवाला हात जोडले.

मग ते आंघोळीसाठी नदीकडे निघाले. मी आवळ्याखाली सतरंजीवर बसले होते, पर्स मांडीवर होती. वीस-बावीस वर्षांच्या सवयीनं मी ती उघडून धरली. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशातला मोबाईल काढला, आणि माझ्यावरून पुढे जाऊन दोन्ही वस्तू केटररच्या माणसाकडे दिल्या. त्या माणसाचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. ‘फोन वाजला तर मला हाक मारा,’ ते त्याला म्हणाले. ‘मी कुठेही असलो तरी.’

मी पर्स बंद केली.